गौरम्माच्या रानातली तिफण

दुधनी स्टेशनवर उतरलं की पुढं पायी किंवा बैलगाडीनं माझ्या शाळेचं गाव लागायचं. १९७० सालच्या जूनमध्ये मी तिथं शिक्षिका म्हणून रुजू झाले, तेव्हा माझ्याजवळ एक ट्रंक होती, एक वळकटी होती आणि राहायला जागा नव्हती. गाव बहुतेक लिंगायतांचं, कानडी बोलणारं. मी सोलापुरातल्या बौद्ध वस्तीतली, मिलमध्ये काम करणाऱ्या बापाची मुलगी. खोली बघायला गेले की लोक गोड बोलत, पाणी वरून ओंजळीत ओतत आणि खोलीत कडबा भरलाय म्हणून सांगत. दोन रात्री मी शाळेतच काढल्या.

मग एक बाई आपणहून शाळेच्या दारात आली. उंच, हाडापेरानं मजबूत, पंचविशीच्या आसपासची. आत न येताच म्हणाली, "अक्कोर, माझ्याकडं एक खोली हाय. पण माझ्या घरात गावातलं कुणी पाऊल ठेवत न्हाय. तुमाला चालत असंल तर या."

त्या भागात शिक्षिकेला अक्कोर म्हणतात. मी ट्रंक उचलली. वाटेत शाळेतल्या एका मुलीनं माझा पदर ओढून हळूच सांगितलं की ही दानम्मा, हिच्या नवऱ्यानं माणूस मारलाय.

हकीकत तशी सरळ होती. त्याच वर्षी पौषात, ज्वारी हुरड्यात आलेली असताना, निंगप्पा नावाच्या शेजारच्या शेतकऱ्याची बैलं दानम्माच्या नवऱ्याच्या, शिवप्पाच्या, रानात शिरली. दोघं लहानपणापासून एकत्र वाढलेले. बोलाचाली झाली, शिवीगाळ झाली, आणि शिवप्पाच्या हातात कुऱ्हाड होती ती त्यानं उलटी फिरवली. तुंब्याचा, म्हणजे कुऱ्हाडीच्या मागच्या बोथट बाजूचा, घाव कानशिलावर बसला. निंगप्पा संध्याकाळपर्यंत सुद्धा जगला नाही. शिवप्पा पळाला नाही. बांधावर बसून राहिला, आणि पोलीस आले तेव्हा मुकाट्यानं गाडीत चढला. मी गावात आले तेव्हा तो सोलापूरच्या जेलमध्ये कच्चा कैदी होता. मागं निंगप्पाची बायको गौरम्मा होती आणि बारा वर्षांचा मुलगा सिद्धाराम.

दानम्माला मूलबाळ नव्हतं. आळंदकडचे तिचे भाऊ गाडी जुंपून तिला न्यायला आले, ते मी डोळ्यांनी पाहिलं. इथं कुणासाठी राहतेस, असं ते पुन्हा पुन्हा विचारत होते. घरात तिचा सासरा तिप्पण्णा होता, डोळ्यांनी अधू. त्याच्यासाठी राहते, असं तिनं सांगितलं. भाऊ रिकामी गाडी घेऊन परत गेले. सासऱ्याचं कारण खोटं नव्हतं, पण पुरतं खरंही नव्हतं, हे मला थोड्याच दिवसांत कळलं.

पाऊस पडून गेला. पेरणीआधी रान भुसभुशीत करायची सगळ्यांची कुळवणी सुरू झाली. गौरम्माचं रान मात्र तसंच पडलं होतं. तिच्या जोडीतला एक बैल त्या भांडणाच्या गडबडीत पाय मोडून गेला होता, आणि वाट्यानं रान करायला कुणी पुढं येईना. केस चालू होती, साक्षीपुराव्याच्या भानगडीत कोण पडणार? एके दिवशी सकाळी दानम्मानं आपली बैलं सोडली, खांद्यावर कुळव घेतला आणि ती चालायला लागली. तिप्पण्णा ओसरीवरून ओरडला की बाईमाणसानं औताला हात लावायचा नसतो. ती थांबली नाही. मला वाटलं, स्वतःच्या रानात चाललीय. शाळा तिकडच्याच अंगाला होती, म्हणून मी मागोमाग निघाले. ती स्वतःच्या रानापाशी वळली नाही. बांध ओलांडून गौरम्माच्या रानात शिरली आणि तिनं बैलं जुंपली.

गौरम्माला कुणीतरी सांगितलं असणार. ती पळत आली. कानडीतल्या सगळ्या शिव्या तेव्हा मला कळत नव्हत्या, पण त्या कळायची गरज नव्हती. तिनं ढेकळं उचलून फेकायला सुरुवात केली. दानम्मा बैलांच्या आड न लपता कुळवावर उभी होती. एक ढेकूळ, त्यात खडा असावा, तिच्या कपाळावर बसलं. रक्त भुवईवरून खाली आलं. तिनं बैलं थांबवली, ओढ्यावर जाऊन कपाळ धुतलं, पदर घट्ट बांधला आणि परत येऊन कासरा हातात घेतला. गौरम्मा बांधावर उकिडवी बसून रडत राहिली. मी शाळेत गेले, पण दिवसभर मुलांना काय शिकवलं ते मला आठवत नाही.

रात्री जेवताना मी तिला विचारलं की हे कशासाठी. तिनं भाकरी मोडून माझ्या ताटात घातली. मग म्हणाली, "सरकार त्यांना घेऊन गेलं, बरं झालं. पण त्या घरातला औत धरणारा हात गेला की, अक्कोर. तो सरकारनं न्हाय दिला."

गावात बोलणं सुरू झालं. कुणी म्हणे, केस हलकी व्हावी म्हणून हे नाटक आहे. कुणी म्हणे, गौरम्माची साक्ष फिरवायचीय. शिवप्पाच्या वकिलालाही ही गोष्ट कळली. मी तारखेला दानम्माबरोबर सोलापूरच्या कोर्टात गेले होते, तेव्हा हे कोर्टापुढं आणलं तर चांगलं दिसेल असं तो म्हणाला. दानम्मानं हात जोडून त्याला सांगितलं की हे कोर्टात बोलायचं नाही. बोललात तर मी करते ते सगळं वाया जाईल. वकिलानं माझ्याकडं बघितलं. मी खांदे उडवले, कारण तेव्हा मलाही ते पुरतं कळलं नव्हतं.

दिवाळीनंतर निकाल लागला. जाणूनबुजून केलेला खून नव्हे असं ठरलं, आणि शिवप्पाला दहा वर्षं सक्तमजुरी झाली. त्याला पुण्याला येरवड्याला हलवलं. गावातल्या लोकांनी मनाशी धरलं की आता दानम्माचं नाटक संपेल.

पण त्याआधी एक गोष्ट घडली होती, ती सांगायची राहिली. हस्त नक्षत्रात ज्वारीची पेरणी आली. कुळव एकट्यानं धरता येतो. तिफणीला दोन माणसं लागतात. एक बैलं हाकतो, दुसरा तिफणीमागून चालत चाड्यात, म्हणजे तिफणीवरच्या लाकडी वाटीत, मुठीमुठीनं बी सोडतो. दानम्मानं गावात चार घरी विचारलं, कुणी बाई यायला तयार होईना. तिनं बी ओटीत घेतलं, एका हातात कासरा धरला आणि दुसऱ्या हातानं बी सोडत निघाली. बैलं वाकडी जायला लागली, पेरणीचे तास, म्हणजे ओळी, वाकडे पडायला लागले, बी कुठं दाट तर कुठं पडेचना. त्या दिवशी रविवार होता. मी बांधावरच्या बाभळीखाली उभी होते. जाऊन मीच बी धरावं असं मनात आलं, पण मला ते येत नव्हतं आणि खरं सांगायचं तर तिथं माझं काम नव्हतं.

गौरम्मा रोजच्यासारखी दुसऱ्या बांधावर बसली होती. शिव्या द्यायचं तिनं तेव्हापर्यंत सोडलं होतं. नुसती येऊन बसायची आणि बघायची. बराच वेळ ते वाकडे तास बघून ती उठली. रानात उतरली. दानम्माकडं न बघता तिनं तिच्या ओटीतलं बी आपल्या ओटीत ओतून घेतलं आणि चाड्यावर मूठ धरली. दानम्मानं बैलांना हाक दिली. तिफण सरळ चालायला लागली.

दोघी एक शब्द बोलल्या नाहीत. त्या दिवशी नाही, दुसऱ्या दिवशी नाही, त्या सबंध वर्षात नाही. मारणाऱ्याची बायको पुढं, मेलेल्याची बायको मागं, आणि मध्ये ती तिफण. मी देवळात जाणारी बाई नाही, पण चप्पल काढून उभी राहिले होते हे नंतर माझ्या लक्षात आलं.

पुढं असंच चालत राहिलं. दानम्मा आधी गौरम्माचं रान करायची, मग स्वतःचं. त्यामुळं तिचं स्वतःचं रान दर वर्षी मागं पडायचं, पिकाचा उतारा कमी यायचा. तिप्पण्णा कुरकुरायचा, पण शेवटी त्यानंही तोंड मिटलं आणि एका उन्हाळ्यात तो शांतपणे गेला. निकालानंतरही सुनेचं काम थांबलं नाही हे बघून गावातलं बोलणं आपोआप बंद पडलं होतं. तिप्पण्णाच्या मातीला गाव आलं. त्या घराच्या अंगणात लोक पहिल्यांदाच परत आले.

बाहत्तरच्या दुष्काळात रान करायला काही राहिलंच नाही. विहिरी तळाला गेल्या, बैलं छावणीत गेली, आणि सगळा गाव रस्त्याच्या कामावर खडी फोडायला लागला. दानम्मा आणि गौरम्मा एकाच टोळीत होत्या. समोरासमोर बसायच्या, दोघींच्या मध्ये दगडांचा ढीग. मी शाळा सुटल्यावर मुकादमाला हजेरी लिहायला मदत करायची, म्हणून रोज बघायची. एकदा गौरम्मा तापानं फणफणलेली असताना कामावर आली. न येऊन चालणार नव्हतं, त्या दिवसाची मजुरी बुडाली असती. हातोडा तिच्या हातून दोनदा निसटला. दानम्मानं तिचा दगडांचा वाटा आपल्याकडं ओढला आणि आपला झाल्यावर तोही फोडायला घेतला. ऊन रणरणत होतं. गौरम्मा पाटीला टेकून पडली होती. थोड्या वेळानं डोळे न उघडता ती म्हणाली, "दानम्मा, नीर."

नीर म्हणजे पाणी. शिव्या सोडल्या तर घडल्या प्रसंगानंतर ती दानम्माशी बोललेला हा पहिला शब्द. दानम्मानं तांब्या तिच्या ओठाला लावला. मग हातोडा उचलून ती पुन्हा गौरम्माच्या वाट्याचे दगड फोडायला लागली.

चौऱ्याहत्तरच्या मे महिन्यात दानम्मा नवऱ्याला भेटायला येरवड्याला निघाली, तेव्हा मला सुट्टी होती म्हणून मीही बरोबर गेले. याआधी ती दोनदा एकटीच जाऊन आली होती. जाळीपलीकडं शिवप्पा आला. मी त्याला पहिल्यांदाच बघत होते. पांढरे कपडे, टोपी, अंगानं बरा. मला वाटलं होतं, डोळ्यांत काही भयंकर दिसेल. तसं काहीच नव्हतं. तो बायकोशी सावकाश, शहाण्यासारखं बोलत होता. घंटेला उठतो, सतरंज्या विणायला शिकलो, कुणाशी भांडण नाही, साहेब नाव घेतात, माफीचे दिवस मिळतायत, दहाची शिक्षा सात-साडेसात वर्षांवर येईल, असं त्यानं सांगितलं.

दानम्मानं त्याला गौरम्माच्या रानाचं सांगितलं. ते त्याला आधीच्या भेटीत कळलं असावं, कारण त्याचा चेहरा लगेच त्रासिक झाला. मी इथं शिक्षा भोगतोय, मग तुला कसली आलीय शिक्षा, असं तो म्हणाला.

"तुमी सतरंज्या विणता," दानम्मा म्हणाली. "त्या सतरंजीवर गौरम्मा बसती का?"

तो पुन्हा माफीच्या दिवसांबद्दल बोलायला लागला.

बाहेर पडताना आम्हांला एक जेलर भेटले. वयस्क, सभ्य गृहस्थ. शिवप्पाची वागणूक चांगली आहे, माणूस सुधारलाय, असं त्यांनी मनापासून सांगितलं. दानम्मानं त्यांना विचारलं की त्यांना इथं ठेवण्यापेक्षा गावाला पाठवता येणार नाही का. गौरम्माचं रान करू द्या, हवं तर राखणीला शिपाई बसवा, रात्री कोंडून ठेवा. जेलर आधी हसले. मग त्यांच्या ध्यानात आलं की बाई गमतीनं बोलत नाही. त्यांनी टोपी काढून हातात घेतली.

"कायद्यात तसं कलम नाही, बाई," ते म्हणाले.

परतीच्या गाडीत ती खिडकीशी बसून होती. कुर्डुवाडी गेल्यावर बोलायला लागली. "तितं त्यांना येळेवर खायला मिळतंय. दुखलंखुपलं तर डाक्टर येतो. मला बरं वाटलं, अक्कोर, खोटं कशाला बोलू? पण त्यांना निंगप्पा आठवत न्हाय. मी दोनदा त्याचं नाव काढलं. दोन्ही बारीला त्यांनी मला माफीचं दिवस सांगितलं."

वर्षं गेली. सिद्धाराम माझ्याच हाताखाली शिकला. मुलगा हुशार होता, पण अबोल. दानम्मा त्यांच्या रानात राबते हे तो बघत होता, तिनं भाकरी पुढं केली तर घेत होता, आणि तिच्याशी कधी वाकडं वागला नाही. त्याच्या मनात काय चाललंय ते मात्र कुणाला दिसलं नाही. सातवीनंतर तो सोलापूरला गेला आणि एका पद्मशाली कारखानदाराकडं चादरीच्या मागावर लागला.

सत्त्याहत्तरच्या मेमध्ये मी सुट्टीला माहेरी होते, तेव्हा तो मला भेटायला आला. एकोणीस वर्षांचा, मिसरूड फुटलेला. चहा घेतला आणि सरळ म्हणाला की शिवप्पा पुढच्या आठवड्यात सुटतोय, मी गावाला चाललोय. तो बापाचा बदला घ्यायला चाललाय, हे त्याच्या आवाजावरून मला कळलं. मी त्याला जेलची भीती घातली, फाशीचंही बोलले. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं.

"तो येतोयच की न्हाय परत, अक्कोर?" तो म्हणाला. "धडधाकट येतोय. इणायला शिकून येतोय. मी पण जाईन आन् मी पण येईन. मला तर इणायला आत्ताच येतंय."

ज्या शिक्षेनं त्याला धाक बसायला हवा होता, ती शिक्षा भोगून माणूस परत येताना तो बघत होता, आणि त्याचा हिशेब त्याच्यापुरता चोख होता.

दुसऱ्या दिवशीची गाडी धरून मी दुधनीला गेले आणि दानम्माला सगळं सांगितलं. मला वाटलं होतं ती घाबरेल, नवऱ्याला दुसरीकडं कुठं पाठवायचं बघेल, पोलिसांत जायचं म्हणेल. ती चुलीपुढं बसली होती. लाकूड आत सारत म्हणाली, "त्याला नगं म्हणायचा हक्क मला न्हाय." आणि थोडं थांबून, "गौरम्माला सांगून येते."

ती गेली आणि परत आली. काय बोलणं झालं ते मी विचारलं नाही. एवढ्या वर्षांत दोघींत बोलणं फार वाढलं नव्हतंच; कामापुरतं, पाण्यापुरतं.

शिवप्पा दुपारच्या गाडीनं उतरला. दानम्मा आणि मी स्टेशनवर होतो. खांद्यावर एक पिशवी, केस पिकायला लागलेले. तो बायकोकडं बघून हसला आणि मग पुढं काय करायचं ते कुणी सांगेपर्यंत तसाच उभा राहिला. ती चालायला लागली तसा तो मागून चालायला लागला. गावाच्या वेशीतून घराकडं वळायचं, तिथं ती वळली नाही. आधी घरी जाऊ या, असं तो दोनदा म्हणाला. ती गौरम्माच्या अंगणात जाऊन थांबली.

गौरम्मा सोप्यावर बसून सुपानं ज्वारी पाखडत होती. सिद्धाराम कट्ट्यावर होता, त्याच्याशेजारी भिंतीला कुऱ्हाड उभी केलेली. तो उठला. कुऱ्हाड त्यानं लपवली नाही, हातात घेतली. शिवप्पा अंगणाच्या मधोमध मान खाली घालून, दोन्ही हात अंगाला चिकटवून उभा राहिला. जेलमध्ये हजेरीला असेच उभे राहत असतील. सिद्धारामनं त्याला वर बघ म्हणून सांगितलं. त्यानं वर बघितलं नाही. दानम्मा मध्ये पडली नाही. उलट दोन पावलं बाजूला सरून उभी राहिली. 

गौरम्माचं सूप थांबलं नव्हतं. पाखडता पाखडताच ती बोलली.

"सिद्धाराम, त्याला मारलास तर तू जाशील. मागनं हिच्या रानात मला जावं लागंल. माझ्यानं आता व्हणार न्हाय."

सिद्धारामला ते कळलंच नाही. त्यानं विचारलं, "तू कशाला जाशील?"

गौरम्मानं सूप खाली ठेवलं. "मग कोण जाईल? ती आली न्हवती का?"

कोंबड्या सांडलेले दाणे टिपत होत्या. सिद्धाराम आईकडं बघत राहिला, मग दानम्माकडं. तिच्या कपाळावर भुवईच्या वर जुना व्रण होता. तो त्यानं लहानपणापासून रोज पाहिलेला असणार. त्या दिवशी तो त्या व्रणाकडं फार वेळ बघत होता. मग त्यानं कुऱ्हाड कट्ट्यावर आडवी ठेवली, घरातून आपली पिशवी आणली आणि आमच्या अंगावरून दुधनीच्या वाटेला लागला. कुणाच्या पाया पडला नाही, कुणाला माफ केलं असं म्हणाला नाही. पुढं वर्षभर तो गावात आला नाही.

कोर्ट, जेल, फाशीची भीती यांतल्या कशालाच न जुमानणारा तो पोरगा आईच्या तेवढ्या बोलण्यावर थांबला. त्या बोलण्याच्या मागं सात वर्षांची नांगरट होती. कोणत्याही पुस्तकात न लिहिलेला कायदा एका बाईनं एकटीनं घालून दिला होता, आणि तो आता समोरच्या घरालाही लागू झाला होता.

इथं गोष्ट संपायला हरकत नव्हती, पण शिवप्पाचं अजून राहिलं होतं. तो घरी आला आणि चांगला वागू लागला. कुऱ्हाडीला हात लावत नसे. पहाटे घंटा नसतानाही ठरल्या वेळी उठे, ताट वाढून पुढं ठेवेपर्यंत भिंतीशी बसून राही, आणि बाहेर जाताना बायकोला विचारून जाई. त्यानं एक साधा माग उभा केला आणि सतरंज्या विणायला लागला. लोक म्हणू लागले की जेलनं माणूस सरळ केला. पाऊस झाला, कुळवणी आली, आणि दानम्मा नेहमीसारखी बैलं घेऊन गौरम्माच्या रानात निघाली. शिवप्पा सोप्यावर विणत बसलेला. मला राहवलं नाही. तू त्यांना सांगत का नाहीस, असं मी तिला विचारलं. सांगितलं तर ते ऐकतील.

"ऐकतील की," ती म्हणाली. "सांगितलेलं ऐकायला तितं शिकवलंय त्यांना. म्हणून तर सांगत न्हाय."

त्या पावसाळ्यात तिनं एकदाही सांगितलं नाही. शिवप्पा रोज तिला जाताना बघायचा. संध्याकाळी ती मातीनं भरलेले पाय धूत बसे, तेव्हा त्याचा माग थांबायचा आणि बऱ्याच वेळानं परत सुरू व्हायचा. एकदा तो मला म्हणाला की जेलमध्ये कधी स्वप्न पडलं नाही, इथं आल्यापासून निंगप्पा दिसतो, बैलं हाकत असतो, काही बोलत नाही. मी ते दानम्माला सांगितलं नाही. सांगायचं तर त्यानंच सांगावं असं मला वाटलं.

हस्ताच्या पेरणीला दोघी रानात होत्या. दानम्मा बैलांपाशी, गौरम्मा चाड्यापाशी. मी शाळेच्या ओट्यावरून बघत होते. शिवप्पा वाटेनं आला. बांधापर्यंत आला आणि थांबला. तो बांध त्या पौषापासून त्यानं ओलांडला नव्हता. तिथंच तो खाली बसला आणि रडायला लागला. लांबून त्याचे खांदे तेवढे हलताना दिसत होते. दोघींनी तिफण थांबवली नाही. तास संपवून त्या फिरल्या, दुसरा तास घेतला. तिसऱ्या तासाला तिफण बांधाजवळ आली तेव्हा तो उठला, रानात उतरला आणि गौरम्मापुढं जाऊन उभा राहिला. मला शब्द ऐकू आले नाहीत. नंतर दानम्माकडून कळलं की तो म्हणाला, "निंगप्पाला मी मारलं." बाकी काही नाही. कोर्टात त्याच्या वकिलानं ते कबूल केलं होतं, त्यानं स्वतःच्या तोंडानं कुणापुढं कधीच म्हटलं नव्हतं.

गौरम्मा त्याच्याकडं बघत उभी राहिली, आणि मग चाड्यावरची मूठ तिनं पुन्हा भरून घेतली. दानम्मानं कासरा पुढं केला. शिवप्पानं तो घेतला. बैलं एक क्षण अडली, मग निघाली.

त्यानंतर गौरम्माचं रान शिवप्पा करू लागला आणि करतच राहिला. ती त्याच्याशी कधी बोलली नाही. सिद्धाराम पुढच्या वर्षी गड्ड्याच्या जत्रेत मला सोलापुरात भेटला. मी काही विचारायच्या आत तोच म्हणाला की राग गेलेला नाही, पण हात उठत नाही, आणि का उठत नाही ते त्यालाही कळत नाही.

शिवप्पानं कासरा धरला त्याच्या दुसऱ्या दिवशी दानम्मा भरदुपारी शाळेत आली. तिला दिवसा करायला काम नव्हतं, आणि अशा दिवसाचं काय करायचं असतं ते तिला ठाऊक नव्हतं. दाराशी भिंतीला टेकून ती मुलांचे पाढे ऐकत बसली. बाराच्या पाढ्यावर आलो तेव्हा मी वळून बघितलं, तर तिची मान कलली होती, तोंड थोडं उघडं होतं आणि ती गाढ झोपली होती. मुलं हसायला लागली. मी त्यांना पुढचा पाढा मनातल्या मनात म्हणायला सांगितला.